उशाशी बसणाऱ्याचा अधिकार

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी एका परिचारिकेला खोटे बोलायला सांगितले होते. तिने ते ऐकले नाही, म्हणून मी तिची तक्रार केली. गोष्ट एवढीच आहे. तिच्यावर कादंबरी होणार नाही. आणि ज्यांची कादंबरी होत नाही अशाच गोष्टी माणसाला फार दिवस पुरतात, असा माझा अनुभव आहे.

२०१४ च्या पावसाळ्यात आण्णांना नगरच्या एका इस्पितळात ठेवले होते. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावले आणि बाहेरच्या पावसाकडे पाहत, “आता तीन-चार आठवडे धरा,” असे सांगितले. मी आत आलो आणि आण्णांना म्हणालो, “पोटात जरा सूज आहे म्हणतात. औषधाने उतरेल.” हे मी विचार करून ठरवले, असे म्हणणेही खरे होणार नाही. आपल्याकडे हा निर्णय कोणी घेत नाही. तो आधीच घेतलेला असतो. दुखणाइताला त्याच्या मरणाची बातमी लागू द्यायची नाही, ही रीत आहे. आणि रीत म्हटली की तिच्यात बरे-वाईट पाहायचे नसते.

घरची माणसे मी सांभाळली. राहता राहिली वॉर्डातली सिस्टर. पस्तिशीची, थोडी ठेंगणी, कामात चपळ आणि बोलण्यात कमी अशी ती बाई होती. तिला बाजूला घेऊन मी सारे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबांनी विचारलं नाही तर मी काही बोलणार नाही. पण विचारलंच, तर ‘तुम्ही बरे होणार’ असं माझ्या तोंडून निघायचं नाही, सर.”

“सिस्टर, तुमचं काम सलाईन लावायचं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारले आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘मास्तर, तुमचं काम खडू धरायचं,’ असे मला कोणी म्हटले असते तर मी आठ दिवस जेवलो नसतो.

दोन दिवसांनी आण्णांची चादर बदलता बदलता ती मला हळूच म्हणाली, “गावाकडं तुमचे काका आहेत ना? त्यांना बोलावून घ्या.” आमचे नाना शेवगाव तालुक्यात, गावीच राहत. आण्णा आणि नाना यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. कोर्टात तारखा चालू होत्या. ही घरची गोष्ट या बाईला कोठून कळली, आणि तिने त्यात का पडावे? मी तडक इन-चार्ज सिस्टरांकडे गेलो आणि ‘ही बाई पेशंटशी नको ते बोलते’ असे सांगून आलो. तिसऱ्या दिवशी तिची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लागली. तिच्या जागी आलेली मुलगी हसतमुख होती. “बाबा, सोमवारी घरी जायचं बरं का!” असे ती रोज म्हणे. आण्णा मान हलवत. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

चूक कोणाची, हे ठरवायला मी पुढे पुष्कळ वर्षे घेतली. पहिल्याने मला वाटे, माझी काहीच चूक नाही. सत्य हे काय ज्याच्या त्याच्या अंगावर फेकायचे असते? महाभारतात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. नेहमी खरेच बोलायचे, असे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे रानात दडली. पाठोपाठ दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकाला वाट विचारली. याने व्रत राखले, वाट दाखवली. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा सांगतो कोण, तर श्रीकृष्ण. आणि सांगतो अर्जुनाला, प्रतिज्ञा पाळायची म्हणून तो भावावर तलवार उचलतो तेव्हा. मी मनातल्या मनात त्या सिस्टरला कौशिकाच्या शेजारी बसवून मोकळा झालो.

पण त्याच ग्रंथात धर्मराजाचीही गोष्ट आहे. द्रोणाचार्य विश्वासाने विचारतात, माझा मुलगा खरेच गेला का? धर्मराज अर्धे मोठ्याने बोलतो आणि अर्धे पुटपुटतो, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. म्हणजे एकाच ग्रंथात खरे बोलणारा नरकात जातो आणि अर्धे खरे बोलणाऱ्याचा रथ टेकतो. फरक कोठे आहे, तर विचारणारा कोण, यात आहे. दरोडेखोराचा त्या सत्यावर हक्क नव्हता. द्रोणांचा होता, मुलगा त्यांचा होता. आणि आण्णांचे मरण तर आण्णांचेच होते. ते त्यांच्यापासून लपवण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? वारसाहक्काने जमीन मिळते, विहिरीचा हिस्सा मिळतो. बापाच्या मरणाची मालकी मिळत नाही.

परिचारिकेच्या धंद्यात हा पेच आजचा नाही. शुश्रूषा शिकणाऱ्या मुली हातात दिवा घेऊन जी शपथ घेतात, तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आहे. पण ती त्या बाईंनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एका समितीने ती तयार केली. तिच्यात रुग्णाच्या हितासाठी झटण्याचे वचन आहे, त्याची गुपिते राखण्याचे आहे, आणि डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचेही आहे. शपथ लिहिणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जाणाऱ्या वाटल्या असाव्यात. प्रत्यक्षात रात्रपाळीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वाटा फुटतात. डॉक्टर म्हणतो एक, रुग्ण मागतो दुसरे. आणि आपल्या देशात तिसरा एक धनी असतो, ज्याचा त्या शपथेत पत्ताच नाही. तो म्हणजे नातेवाईक. औषध तो आणतो, डबा तो आणतो, बिल तो भरतो, खाटेखाली चटई टाकून झोपतो तो. तेव्हा दुखणेही आपलेच आहे अशी त्याची समजूत होते. मी तसाच नातेवाईक होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे. शाळेत असताना निबंधात नेमकी एक ओळ कमी लिहायची. दिवाळीला आली की भेटून जाते. तिला मी एकदा विचारले, तुमच्या कामात धर्मसंकट म्हणजे नेमके काय? मला वाटले, ती एखादी मोठी जीवनमरणाची हकीकत सांगेल. ती म्हणाली, “सर, रात्री दोन वाजता दोन खाटांवरून हाक येते. एकाला दुखतंय, दुसऱ्याला भीती वाटतेय. मी एकटीच. मी दुखणाऱ्याकडे जाते. दुखणं केसपेपरवर लिहिता येतं. भीती कुठं लिहू?” थोडे थांबून म्हणाली, “तो भीती वाटणारा सकाळपर्यंत दाराकडं बघत असतो. सकाळी माझी ड्यूटी संपते.”

अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे माप आहे. माप चांगलेच आहे. पण रात्री दोन वाजता हाकेला धावते ती परिचारिका, माप नव्हे. आणि ती एकटी असली की कोणाला तिष्ठत ठेवायचे याचा निर्णय तिच्या गळ्यात येऊन पडतो. हा निर्णय खरे पाहता तिने घ्यायचाच नव्हता. जागा न भरणाऱ्या कोणीतरी तो कधीच घेऊन ठेवलेला असतो. नीतिशास्त्राच्या चर्चेत ‘मनुष्य निर्णय घेण्यास स्वतंत्र आहे’ असे गृहीत धरतात. त्या चर्चा करणाऱ्यांनी एक रात्र वॉर्डात काढावी.

आता ज्या गोष्टीकडे मला यायचे आहे, ती मुंबईची आहे. वर्तमानपत्रांतून ती सर्वांनी वाचली आहे, आणि वाचून बहुतेकांनी उसासा टाकला आहे. पण तिच्यात उसाशापेक्षा अधिक काही आहे.

अरुणा शानबाग ही हळदीपूरची, कारवारकडची मुलगी. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. वय पंचवीस; तेथल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलेले. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम आटोपून कपडे बदलायला ती तळघरात गेली असता तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा जिवंत होती. पण मेंदूचा रक्तपुरवठा इतका वेळ तुटला होता, की ती पुन्हा स्वतःकडे परत आली नाही. पुढची बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात एका खोलीत पडून होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली, तेव्हा तिचे वय सहासष्ट होते.

या गोष्टीतही एक दयाळू अर्धसत्य आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फिर्याद गेली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्याचीच. बाकीचे कागदावर आले नाही. मुलीची अब्रू जाऊ नये, ठरलेल्या लग्नाला बट्टा लागू नये, असा त्यामागे विचार होता म्हणतात. हेतू वाईट म्हणवत नाही. आण्णांना ‘सूज आहे’ म्हणताना माझाही हेतू वाईट नव्हता. पण त्या दयेचा परिणाम असा झाला, की गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला, आणि जिची अब्रू राखली तिला अब्रू म्हणजे काय हे कळण्याचीही शक्ती उरली नव्हती. माणूस विचारू शकत नाही तेव्हा त्याच्या वतीने आपण जी दया करतो, ती बहुधा आपल्याच सोयीची असते, अशी शंका मला तेव्हापासून येते.

रुग्णालयाच्या परिचारिकांनी मात्र जे केले, ते सोयीचे मुळीच नव्हते. बेचाळीस वर्षे त्यांनी तिला न्हाऊ घातले, भरवले, कुशीवर वळवले. ज्यांनी तिच्याबरोबर काम केले होते त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा जन्मही १९७३ साली झालेला नव्हता, त्या मुली तिची सेवा करू लागल्या. १ जूनला तिचा वाढदिवस होई. ती मासे आवडीने खाते, अशी त्यांची खात्री होती. सर्वोच्च न्यायालयापुढे हे प्रकरण आले तेव्हा एक गोष्ट नमूद झाली: सदतीस वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या पाठीला जखम नव्हती. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ कळेल. तीन आठवड्यांत आण्णांच्या कमरेवर लाल चट्टा उठला होता. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचे, म्हणजे दिवसाला बारा वेळा. सदतीस वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा. मला गणित शिकवायचा अधिकार आहे, पण येथे बेरीज करवत नाही.

१९८० च्या दशकात महापालिकेने तिला तेथून हलवण्याचा घाट घातला होता. परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत बारगळला. पालिकेला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण परळच्या त्या इस्पितळात गावोगावचे गरीब जमिनीवर गाद्या टाकून पडतात, आणि एक खाट बरे न होणाऱ्या माणसाने किती वर्षे अडवावी, हा प्रश्न अगदीच निर्दय नाही. परिचारिकांना तो ठाऊक नव्हता थोडाच! रोज दारात खाटेसाठी रडणारी माणसे त्याच पाहत होत्या. तरीही त्या आपल्या माणसाच्या बाजूने उभ्या राहिल्या. येथे मला अडखळायला होते. अरुणा त्यांची सोबतीण नसती, कोणी परगावची अनोळखी बाई असती, तर तिला बेचाळीस वर्षांचा हा सांभाळ मिळाला असता का? नसता मिळाला, असेच मला वाटते. मग ही सेवा की नाते? आणि नाते म्हटले, तर माझ्यासारख्या नातेवाइकाच्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्याही हातून झाली नसेल कशावरून?

हाच प्रश्न निराळ्या शब्दांत न्यायालयापुढे गेला. लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाची कहाणी १९९८ साली पुस्तकरूपाने मांडली होती. पुढे त्यांनीच अर्ज केला, की हिला जबरदस्तीने अन्न देणे थांबवा, हिला शांतपणे जाऊ द्या. परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला मरू देणार नाही. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. उपचार थांबवून मृत्यूला वाट देणे काही अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने शक्य आहे, असे त्यांनी मान्य केले. पण अरुणाच्या बाबतीत तो अर्ज नाकारला. बातम्यांत यातला पहिलाच भाग मोठ्या अक्षरांत आला. मला मोलाचा वाटतो तो दुसरा. तिचा जवळचा मित्र म्हणून बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न होता. जिने तिच्यावर पुस्तक लिहिले तिचा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. इतकी वर्षे रात्रंदिवस जिची सेवा केली, तिच्यासाठी बोलण्याचा अधिकार त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा. पुढे त्यांचे मत बदलले तर त्यांनी उच्च न्यायालयात जावे.

मी लिहिणारा माणूस आहे, म्हणून हे मला झोंबले. दुसऱ्याच्या दुःखावर आपण चारशे पाने लिहितो आणि त्या दुःखावर आपला काही अधिकार झाला असे समजतो. न्यायालयाने सांगितले, की वळवणाऱ्या हाताचा अधिकार लिहिणाऱ्या हाताच्या आधी येतो. सिस्टरला ‘तुमचं काम सलाईन लावायचं’ म्हणणाऱ्या माणसाला याहून सणसणीत उत्तर दुसरे नाही.

तथापि मला पुरते पटलेले नाही, हेही लिहिले पाहिजे. जवळ असण्याने माणूस शहाणा होतो, तसा आंधळाही होतो. अरुणा ही त्या परिचारिकांसाठी नुसती रुग्ण नव्हती. काम करताना, इस्पितळाच्या आवारात, त्यांच्यातल्याच एकीवर हा घाला आला होता. तो उद्या त्यांच्यापैकी कोणावरही येऊ शकत होता. त्या तिला जगवत होत्या, की आपल्यावरच्या अन्यायाची साक्ष जगवत होत्या? बहुधा दोन्ही. आणि साक्षीदाराला मरू द्यावेसे कोणाला वाटते? विराणीबाईंचा दूरचा डोळा पाहत होता ते या जवळच्या डोळ्यांना कदाचित दिसत नसेल. अरुणाला काय हवे होते, हे दोघींनाही ठाऊक नव्हते. पण एक फरक उरतो. विराणीबाईंची चूक झाली असती, तर ती एका दिवसात घडून संपली असती आणि तिची किंमत अरुणानेच मोजली असती. परिचारिकांची चूक असेल, तर तिची किंमत त्या स्वतः रोज बारा वेळा मोजत होत्या. स्वतःच्या पाठीवर ओझे घेऊन केलेला निर्णय बरोबरच असतो असे नाही. पण त्याच्याशी वाद घालताना आवाज जरा खाली आणावा लागतो.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवण्याची सोय केली. सोय चांगली आहे. आमच्याकडे मृत्युपत्रात कोणत्या झाडाचे आंबे कोणाचे हेही लिहून ठेवणारे लोक आहेत. पण ‘माझ्या नाकात नळी घालू नका’ असे लिहून ठेवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता आमच्या नगरची गोष्ट. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जिल्हा रुग्णालय जेथे होते तेथेच आहे, आमच्या सावेडीपासून फार दूर नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी भाऊबीज होती. सकाळी घरोघरी अभ्यंग, ओवाळण्याची तबके. त्याच वेळी त्या रुग्णालयाच्या, करोनाच्या रुग्णांसाठी असलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत सतरा रुग्ण होते, बरेचसे वृद्ध, प्राणवायूवर असलेले. त्या दिवशीच अकरा जण गेले. काही दिवसांत अटक झाली ती एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना. वरिष्ठांपैकी काहींचे निलंबन झाले.

कोणाचा किती दोष, हे न्यायालयाने ठरवायचे. मी ठरवणार नाही. पण त्या आठवड्यात सावेडीच्या चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, आमच्या शिक्षकांच्या खोलीतही एकच प्रश्न चालला होता: ‘त्या पोरी आत का थांबल्या नाहीत?’ तारा कोणी ओढल्या, आग विझवण्याची साधने किती आणि कशी होती, परवानग्या कोणी पाहिल्या, हे विचारणारे थोडे. उशाशी जो असतो तो डोळ्यांपुढे असतो. आणि आपल्याकडे डोळ्यांपुढे असणारावरच जबाबदारी येऊन पडते. गंमत पाहा, निर्णय घेताना त्याच माणसाला आपण सांगतो, तुझे काम सलाईन लावायचे.

आणि तरीही तो प्रश्न मला झटकून टाकता येत नाही. आगीत परिचारिकेने किती वेळ थांबावे? जळेपर्यंत? आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सावित्रीबाईंचे उदाहरण दिले. ते उदाहरण नगरलाही जवळचे आहे. फरारबाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले होते. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या बाजूला एक पोर प्लेगने पडलेले कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांची ही म्हातारी गेली, ते पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आली, आणि तिला प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

हे उदाहरण ऐकून खोलीत सगळे गप्प झाले. मीही झालो. घरी आल्यावर मात्र मला त्या गप्प होण्याचा राग आला. सावित्रीबाईंना त्या पोराकडे कोणी ड्यूटी लावून पाठवले नव्हते. त्यांच्या नावावर हजेरीपट नव्हता, पगाराचा करार नव्हता, आणि त्या गेल्या नसत्या तर त्यांना कोणी अटक केली नसती. म्हणूनच तर त्या सावित्रीबाई. जे एकीने स्वतःहून दिले, ते दुसरीकडून दरमहाच्या पगारात वसूल करायचे, आणि ते नाही मिळाले की तिला अपराधी ठरवायचे, ही भक्ती नव्हे. संतांच्या मापाने नोकरांना मोजणारा समाज स्वतःला कोणत्या मापाने मोजतो, हे एकदा विचारायला हवे. आम्ही शिक्षकांनी त्या आठवड्यात रुग्णालयात जाऊन कोणाच्या उशाशी एक तास तरी काढला होता का?

हे सारे मी आज लिहितो आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात ती सिस्टर मला भेटली.

सावेडीच्या भाजीबाजारात मी मेथी निवडत होतो. समोरून “सर ना?” असा आवाज आला. केस पुष्कळ पिकले होते, चष्मा आला होता. पण उभे राहण्याची ढब तीच. मी ओळखले आणि प्रथम मनात आले ते हेच, की दुसऱ्या गाड्याकडे वळावे. वळलो नाही. इकडचे तिकडचे झाले. मग मी म्हणालो, “सिस्टर, मी तेव्हा तुमची तक्रार केली होती.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “बाबा मात्र चांगले होते.”

मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “त्यांनी मला विचारलं होतं. रात्री. तुम्ही चटईवर झोपला होता. ‘पोरी, मी वाचतो का?’ म्हणाले. मी त्यांनाच विचारलं, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ तर म्हणाले, ‘मला कळतंय. पण पोराला सांगू नको. त्यानं सूज आहे म्हणून सांगितलंय, राहू दे त्याचं त्याला.’ मग विहिरीचं बोलले, भावाचं बोलले. बराच वेळ बोलले.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगू नको म्हणाले होते ना.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “म्हणून तर तुम्हाला म्हटलं, काकांना बोलावून घ्या. त्याच्या पुढं मला जाता येत नव्हतं.”

म्हणजे खोलीत आम्ही तिघे होतो. बाप मुलापासून लपवत होता, मुलगा बापापासून लपवत होता, आणि दोघांचीही गुपिते त्या बाईपाशी होती. तिने आण्णांचा शब्द मोडला नाही, माझ्याशी खोटे बोलली नाही, आणि एवढे सांभाळून जेवढे एक वाक्य बोलण्यासारखे उरत होते, तेवढे चादर बदलता बदलता बोलून टाकले. त्याच वाक्यासाठी मी तिला वॉर्डातून घालवले.

“आले होते का काका?” तिने विचारले.

“दहाव्याला आले,” मी म्हणालो. “पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. तास झाला. मग नाना पुढे झाले, हात जोडून पुटपुटत काहीतरी बोलले. विहिरीचंच असेल. मला ऐकू नाही आलं.”

“मग शिवला?”

“शिवला,” मी म्हणालो.

ती “बरं झालं” म्हणाली, मेथीचे पैसे दिले आणि रात्रपाळी आहे म्हणून घाईने निघून गेली. त्या दिवशी दुपारी दीडपर्यंत वाट पाहून अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला होता.